तुंबलेले चेंबर साफ करून गेलेल्या माणसांचे आभार कसे मानावेत?

मुठाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. प्रश्न वरकरणी किरकोळ आहे, पण आमच्या सोसायटीच्या तीन बैठका त्यावर खर्ची पडल्या आणि तरीही निर्णय झाला नाही, म्हणून तो येथे मांडतो आहे.

आमची वस्ती सिंहगड रस्त्याच्या पुढच्या टोकाला, २०२१ च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी एका गावात आहे. ग्रामपंचायत होती तेव्हा कोणत्या कामासाठी कोणाचे दार ठोठवायचे हे लहान मुलांनाही ठाऊक असे. सरपंच सकाळी चहाच्या टपरीवर भेटत आणि निम्मे कामकाज तेथेच उरकत असे. आम्ही महापालिकेत आलो आणि नऊ महिन्यांच्या आत, मार्च २०२२ मध्ये, सभागृहाचीच मुदत संपली. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. त्यामुळे निवडून दिलेला नगरसेवक ही गोष्ट आम्हाला आता कुठे पहिल्यांदा मिळाली आहे, आणि तीही एकदम चौघांच्या रूपाने.

गेल्या महिन्यात आमच्या फाटकासमोरचे चेंबर तुंबले आणि सांडपाणी रस्त्यावर आले. कोण्या बांधकामावरचा उरलेला सिमेंटचा माल रात्रीतून कोणीतरी त्यात ओतला होता, असे नंतर लक्षात आले. तक्रार नोंदवल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेटिंगची, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी सोडून वाहिनी मोकळी करणारी, गाडी आली. मुकादम आणि चार कामगार रात्री दोनपर्यंत थांबले, आणि लाइन मोकळी होईना म्हणून पुढच्या रात्री पुन्हा आले. मी खाली उभा होतो. आकड्याने ओढून बाहेर काढलेल्या वस्तूंमध्ये घट्ट होऊन दगड बनलेली सिमेंटची गोणी होती, तिच्यावर गोणीच्या विणीचा ठसासुद्धा जसाच्या तसा उमटला होता. मुकादमाने आमच्या कुंपणाच्या भिंतीवर खडूने एक बाण काढला, त्याच्याखाली चेंबर किती खोल आहे त्याचा आकडा लिहिला आणि पुढच्या चेंबरकडे गेला. काम झाल्यावर त्यांनी रस्ता पाण्याने धुतला, ब्लीचिंग पावडर टाकली आणि आम्ही चहा विचारेपर्यंत गाडीत बसून निघूनही गेले.

आता वाद असा आहे. सचिवांना चारही नगरसेवकांच्या छायाचित्रांसह ‘जाहीर आभार’ असा फलक फाटकावर लावायचा आहे. एक ज्येष्ठ सभासद म्हणतात की त्या पाच जणांना पाकिटे द्यावीत. तिसऱ्या गटाचे म्हणणे असे की मिळकतकर भरतो, तर आभार कसले? मला यांपैकी एकही मार्ग पटत नाही, पण काहीच न करणेही मनाला लागून राहिले आहे.

याला जोडूनच दुसरा प्रश्न. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले, त्या काळात अफवांना आवर घालण्यासाठी आम्ही व्हॉट्सॲपवर एक गट काढला होता. तो पुढे पालिकेच्या कामांची माहिती देण्यासाठी चालू ठेवला. हल्ली त्यात माहिती कमी आणि ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’ जास्त, अशी अवस्था झाली आहे. ज्यांनी असे काम निगुतीने चालवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


आवकजावक

मी एका महानगरपालिकेत (पुणे नव्हे) ३१ वर्षे लिपिक आणि नंतर अधीक्षक म्हणून काम करून निवृत्त झालो. त्यांतील बरीच वर्षे बारनिशीत (आवक-जावक टपालाच्या विभागात) गेली, म्हणजे नागरिकांचा प्रत्येक कागद माझ्या हातावरून पुढे गेला. त्या अनुभवावर लिहितो.

पहिली गोष्ट, पत्र लिहा. फलक, फुलांचा गुच्छ, समाजमाध्यमांवरचे छायाचित्र यांपैकी कशाचीही कार्यालयात नोंद होत नाही. पत्र आवक झाले की त्याला क्रमांक पडतो आणि क्रमांक पडलेला कागद कोणाला सहजासहजी फेकता येत नाही. गंमत अशी की तक्रारीसाठी आमच्याकडे नोंदवही, टोकन, संगणक, लोकशाही दिन असे सगळे होते. (महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, हे येथील पुष्कळांना माहीत असेल.) आभारासाठी मात्र साधी धारिका नव्हती. पहिले आभारपत्र आले तेव्हा ते कोठे लावायचे, असे मी साहेबांना विचारले. त्यांनी क्षणभर विचार करून ‘संकीर्ण’ म्हणून सांगितले. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या संकीर्ण धारिकेत अशी पत्रे मोजून दहा-अकरा जमली असतील. एक पत्र एका शिपायाने झेरॉक्स काढून घरी नेल्याचे मला आठवते, आणि ते त्याच्याविषयी नव्हतेच, त्याच्या भावाविषयी होते.

पत्रात ‘आपल्या कर्तव्यदक्ष कारभाराबद्दल’ असली वाक्ये घालू नका. तक्रारीचा क्रमांक, तारीख, वेळ, चेंबरचे ठिकाण, किती माणसे आली, काय काढले, किती वाजेपर्यंत थांबले आणि जाताना रस्ता धुतला, एवढेच लिहा. असे पत्र वाचताना वरिष्ठाला समजते की लिहिणारा तेथे हजर होता. गोलगोल स्तुतीचे पत्र आले की आमच्याकडे पहिला प्रश्न निघायचा, याचे पुढचे काम कोणते आहे?

पत्र महापालिका सहायक आयुक्तांच्या नावे करा आणि प्रत संबंधित कनिष्ठ अभियंत्यांना द्या. आता सर्वांत महत्त्वाचे. जे कायम सेवेत आहेत त्यांना सेवापुस्तक असते, वर्षाअखेरीचा कार्यमूल्यमापन अहवाल असतो, तेथे अशा पत्राचा थोडाफार उपयोग होऊ शकतो. जेटिंगच्या गाडीवरची माणसे मात्र बहुतेकदा कंत्राटी असतात. त्यांना सेवापुस्तक नाही, अहवाल नाही, आणि कंत्राटदार बदलला की त्यांनी पाच वर्षे काम केले होते याचा कार्यालयाच्या कागदांवर कोठे मागमूसही राहत नाही. म्हणून त्यांची नावे विचारून घ्या, ती पत्रात घाला आणि पोच मिळालेल्या पत्राची एकेक प्रत प्रत्येकाच्या हातात द्या. तुमच्या दृष्टीने तो साधा कागद असेल, पण त्या माणसाला पुढे नव्या ठेकेदारापुढे ठेवायला त्याखेरीज दुसरे काही नसते.

पाकिटाचा विचार सोडून द्या. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांनी भेटी स्वीकारण्यावर बंधने आहेत, एवढेच नव्हे तर आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सत्कार समारंभाला पूर्वपरवानगीशिवाय जाण्यावरही आहेत. पालिकांच्या सेवानियमांचा रोख तोच असतो. म्हणजे तुम्ही हौसेने शाल-श्रीफळ ठरवाल आणि अडचणीत तो येईल. चहा, नाश्ता, हात-पाय धुवायला पाणी आणि साबण, तुमच्या सुरक्षारक्षकाच्या खोलीतले स्वच्छतागृह वापरू देणे, एवढे मात्र विनासंकोच करा. शेवटची गोष्ट करणाऱ्या सोसायट्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत.


चौथामजला

मी त्या तिसऱ्या गटातला समजा. माझा आक्षेप आभाराला नाही, आभाराच्या रोखाला आहे. पाणी आले, आभार. दिवा लागला, आभार. रस्त्यावर डांबर पडले की त्या डांबराहून मोठा फलक. असे होता होता नागरिक याचक होतो आणि त्याच्याच कराच्या पैशांतून झालेले काम ही कोणाची तरी कृपा ठरते.

पुण्याला याची जुनी आठवण आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या पुणेभेटीनिमित्त स्वागतावर पैसे उधळण्याला त्यांनी विरोध केला होता आणि तोच पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हटले होते. सत्कार कोणाचा आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

फलकाबद्दल सांगायचे तर सचिवांना एवढेच विचारा की आकाशचिन्ह विभागाची परवानगी घेतली आहे का. विनापरवाना फलकांवर मालमत्ता विद्रूपणाच्या १९९५ च्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली यावर सविस्तर आदेश दिले आहेत. शिवाय चेंबर साफ केले पाच जणांनी आणि छायाचित्रे लागणार चौघांची, त्या चौघांत या पाचांपैकी एकही नाही. हा हिशेब मला तरी समजत नाही.

आवकजावक यांनी सुचवलेल्या पत्राला मात्र माझी हरकत नाही. त्यात कोणी कोणापुढे वाकत नाही, झाले ते लिहिले जाते, एवढेच.


उतारआणिपातळी

मी सांडपाणी वाहिन्यांच्या आखणीचे काम करतो. धागाकर्त्यांना आधी एक विचारायचे आहे आणि त्याचे उत्तर पत्र लिहिण्यापूर्वी हवे. त्या दोन रात्रींत कोणी माणूस चेंबरमध्ये उतरला होता का?

विचारण्याचे कारण असे की लोक भारावून जाऊन ‘जीव धोक्यात घालून आत उतरले’ असे कौतुकाने लिहितात. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्याला बंदी केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठीची भरपाई ३० लाख रुपये केली. तेव्हा तसे घडले असेल तर तो कौतुकाचा नव्हे, चौकशीचा विषय आहे, आणि तुमचे आभारपत्र त्या बेकायदा गोष्टीला प्रशस्तिपत्र ठरेल.

आणि तसे घडले नसेल तर नेमके तेच पत्रात लिहा. वर्णनावरून मला वाटते की मुकादम जाणकार असावा. चांगला मुकादम तुंबलेल्या चेंबरचेच नव्हे तर त्याच्या मागच्या आणि पुढच्या चेंबरचेही झाकण आधी उघडतो, काही वेळ तसेच राहू देतो आणि साठलेला वायू निघून गेल्यावर कामाला हात घालतो. हायड्रोजन सल्फाइडचा धोका असा की थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो, मग माणूस निर्धास्त होऊन वाकतो. जेटिंगची नळी नेहमी खालच्या अंगाच्या चेंबरमधून वरच्या अंगाकडे सोडतात, म्हणजे सुटलेला गाळ उताराने आपोआप खाली येतो आणि तेथे शोषून घेता येतो. हे सारे करायला वेळ लागतो. रात्री दोन का वाजले याचे उत्तर बहुधा त्यातच आहे. जो घाई करतो त्याचे काम लवकर आटोपते आणि रहिवासी त्यालाच शाबासकी देतात.

भिंतीवरचा तो बाण जपा. समाविष्ट गावांतल्या वाहिन्या ग्रामपंचायतीने आणि विकसकांनी आपापल्या सोयीने टाकलेल्या असतात. कोठे कोणती लाइन कोणत्या दिशेने जाते याचा पक्का नकाशा नेहमीच हाताशी असतो असे नाही. तो बाण आणि तो आकडा हाच तुमच्या फाटकापुरता नकाशा आहे.


कर्वेपुतळा

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण पहिल्यावर आवकजावक काकांनी माझ्यासाठी फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही.

आम्ही कोथरूडमध्ये आठ इमारतींसाठी गेली नऊ वर्षे दर महिन्याला दोन पानांचे पत्रक काढतो. सुरुवातीला आमचीही तुमच्यासारखीच गत होती. जो निरोप देईल त्याचे नाव निरोपाच्या आधी, आणि काम त्याच्या शेपटाला. शेवटी एक नियम केला की वाक्याची सुरुवात कामाने होईल. कोणते काम, कोणत्या गल्लीत, कोणत्या तारखेला सुरू, कोणत्या तारखेला पूर्ण, किती रकमेचे, आणि ठेकेदारावर दुरुस्तीची जबाबदारी किती काळ राहणार आहे. हे लिहून झाल्यावर जागा उरली तर माणसांची नावे. जागा सहसा उरत नाही.

मजकूर कोठून मिळवायचा असे विचाराल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. त्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कार्यालयांनी पुष्कळशी माहिती स्वतःहून उघड करायची असते. शिवाय राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये निर्णय काढून जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहण्याची मुभा दिली आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याही आधीपासून होती. मी स्वतः महिन्यातून एक सोमवार जाते. पहिल्या दोन-तीन खेपांना ‘कशाला हवंय?’ हा प्रश्न कपाळावरच्या आठ्यांमध्ये वाचायला मिळाला, आता तेथील ताई माझ्यासाठी रस्त्यांच्या कामांची धारिका आधीच काढून ठेवतात. मी त्यांना आमच्या पत्रकाचा अंक देते. त्यात आपल्या कार्यालयाचे काम कसे मांडले आहे हे त्या अगदी बारकाईने वाचतात आणि चूक असेल तर लाल पेनाने दुरुस्त करून परत देतात. आमच्या पत्रकाला इतका चांगला संपादक पैसे देऊनही मिळाला नसता.

तातडीच्या निरोपांना वेगळी शिस्त हवी. ‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा कमी दाबाने’ हे वाक्य पुणेकरांना तोंडपाठ आहे, पण कोणता गुरुवार हे न लिहिल्यामुळे आमच्याकडे एकदा अर्ध्या इमारतींनी आठवडाभर आधीच पिंपे भरून ठेवली होती. तुमच्या भागात तर हा खेळ नाही. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा लोकांच्या फोनवर आदल्या दिवशीचे, त्या सकाळचे आणि कोणत्या तरी मागच्या वर्षीचे क्युसेकचे आकडे एकाच वेळी फिरत होते. म्हणून आमच्या गटात तारीख, वेळ आणि मूळ कोणाचे हे तीन तपशील नसलेला निरोप दोघी संपादक काढून टाकतात, मग तो कोणीही पाठवलेला असो. गियाँ-बारेच्या दिवसांत पाणी उकळून प्या, एवढी एक सूचना सोडून बाकी निम्मे निरोप आम्ही असेच काढले होते.

पत्रकात दुसऱ्या पानावर तळाशी आमचे ‘पोच’ नावाचे एक सदर असते. महिन्याभरात जे काम नीट झाले त्याची तेथे चार ओळींत नोंद करतो. तेथे सर्वांत जास्त वेळा ज्यांचा उल्लेख आला त्या कचरा नेणाऱ्या आमच्या ताई आहेत. त्या महापालिकेच्या नोकर नाहीत. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली, त्या संस्थेच्या त्या सभासद आहेत आणि त्यांची कमाई आपण दरमहा देतो त्या शुल्कावर व विकलेल्या भंगारावर चालते. एकदा मी त्यांना मोठ्या कौतुकाने ‘पोच’मधला मजकूर वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “लई छान लिवलंय ताई. तेवढं बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावाल्यांना सांगा, डायपर कागदात गुंडाळून द्या म्हनावं.” पुढच्या अंकात ‘पोच’च्या वर तीच सूचना छापली, ठळक अक्षरांत.

आणखी एक करता येईल. पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना मागवते. त्यासाठी फार तर काही आठवड्यांचीच मुदत असते आणि ती कधी येऊन गेली हे पुष्कळांना कळतही नाही. तुमच्या गटाने वर्षात एकच काम करायचे ठरवले तर ते हे असू द्या. पदपथ, बाक, दिवे असल्या कामांसाठी कोणाच्या मागे फिरावे लागत नाही आणि मग ‘यांच्या प्रयत्नांतून’ असे लिहायची वेळही येत नाही.

चार नगरसेवकांची अडचण तुमची एकट्याची नाही. पुण्यात १६५ जागांसाठी ४१ प्रभाग आहेत, एक सोडला तर बाकीचे सगळे चार सदस्यांचे. आम्ही चौघांनाही पत्रकाची प्रत एकाच दिवशी, एकाच पाकिटात पाठवतो. पाकिटावरची नावे मतपत्रिकेवरच्या अ, ब, क, ड या क्रमाने असतात, म्हणजे कोणाला पहिला मान हा तंटाच उरत नाही.


मुठाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार, आणि उशिराबद्दल क्षमस्व. दरम्यान जे झाले ते कळवतो.

उतारआणिपातळी यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कोणीही आत उतरले नव्हते. आमच्या पहाऱ्यावरच्या रात्रपाळीच्या माणसालाही विचारून खात्री करून घेतली. तीन झाकणे उघडून ते लोक बराच वेळ नुसतेच उभे होते आणि तेव्हा आमच्यापैकी एकाने गच्चीवरून “कामाला लागा” अशी हाक मारली होती. तो ‘एक’ मीच होतो, हेही येथे लिहून टाकतो.

फलकाचा विषय आकाशचिन्ह विभागाच्या परवानगीचे नाव काढताच मागे पडला. पाकिटांऐवजी सुरक्षारक्षकाच्या खोलीशेजारचे स्वच्छतागृह पालिकेच्या आणि कचरा वेचणाऱ्या कामगारांसाठी खुले ठेवायचे ठरले. त्यावर मात्र अपेक्षेपेक्षा जास्त चर्चा झाली आणि ठराव तीन मतांच्या फरकाने मंजूर झाला.

पत्र एक पानाचे झाले. त्यातला मुख्य भाग असा आहे: “सदर कामगारांनी काम सुरू करण्यापूर्वी लगतच्या दोन्ही चेंबरची झाकणे उघडून पुरेसा वेळ थांबून, कोणासही आत न उतरवता, यंत्राच्या साह्याने दोन रात्रींत वाहिनी मोकळी केली व जाण्यापूर्वी रस्ता धुऊन घेतला. त्या वेळी आमच्यापैकी काहींनी घाई करण्याचा आग्रह धरला होता, तो चुकीचा होता.” शेवटचे वाक्य काढून टाकावे असे सचिवांचे मत होते. ते ठेवले.

सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात पत्र दिले. खिडकीवरच्या बाईंनी सवयीने तक्रार क्रमांक विचारला, तो पत्रात होताच. मग त्यांनी पत्र पूर्ण वाचले, शेजारच्या टेबलावर दाखवले आणि शिक्का मारून पोच दिली. कोणत्या धारिकेत लावणार असे मी विचारले, तर त्या हसून म्हणाल्या, “बघू, काढू एखादी.” आवकजावक काकांची आठवण झाली.

पाच जणांची नावे मिळवायला दोन दिवस लागले. मुकादम तेवढे कायम आहेत, बाकीचे चौघे कंत्राटी. त्यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिल्या. सगळ्यांत तरुण मुलाने ती आधी उलटसुलट करून पाहिली, मग शिक्क्यावर बोट ठेवून विचारले, “हा ओरिजिनल शिक्का आहे ना?” मुकादमांनी पत्र घडी करून खिशात ठेवले आणि ताबडतोब सांगितले की सोसायटीच्या आतले चेंबर ही आमची स्वतःची जबाबदारी आहे, त्यात तळणाचे तेल साचले आहे आणि पावसाळ्यापूर्वी ते आम्हीच काढून घेतले नाही तर बाहेरचे पुन्हा तुंबेल. गटावरचा या महिन्याचा पहिला निरोप तोच आहे, तारीख, वेळ आणि सांगणाऱ्याच्या हुद्द्यासह.

इमारतीला पुढच्या आठवड्यात रंग लागणार आहे. कुंपणाची भिंत रंगवताना खडूचा बाण आणि त्याखालचा आकडा आहे तेवढी जागा आधी तैलरंगाने गिरवून घ्यायला रंगाऱ्याला सांगितले आहे. आकडा ‘७ फूट’ आहे की ‘९ फूट’, यावर आमच्यात दुमत आहे, त्यामुळे मुकादमांना फोन केला आहे.